अक्षराला बारा रुपये

सदरबाजाराच्या मागं, करंजाच्या सावलीत
गोऱ्यांचं जुनं कब्रस्तान.
झिजलेली नावं परत खोदायची, बोली ठरली
अक्षराला बारा रुपये. टिंबाचे पैसे नाहीत.

मला इंग्रजी वाचता येत नाही,
कोरता येतं.
अक्षर म्हणजे शेवटी वळण आणि खोली.
वाचायला उजगरेबाई यायच्या, मिशनच्या शाळेतून निवृत्त,
छत्री, थर्मास, गुडघ्याला पट्टा.
वर्गात संधी सोडवावा तशी
नावं फोडून दाखवायच्या.

हा फ्लेचर. बाणांना पिसं लावणाऱ्यांचा.
हा वेब्स्टर, म्हणजे आपला कोष्टी, खरं तर कोष्टीण,
बाईचा धंदा पुढं बाप्यांचं आडनाव झाला.
लॉइड म्हणजे करडा. वॉन म्हणजे धाकटा,
मेला तेव्हा एक्क्याऐंशीचा, तरी धाकटाच.
मी म्हटलं, आमच्या गल्लीत काळे आहेत, गोरेही आहेत,
आणि गोरे काळ्यांपेक्षा काळे आहेत.
बाई इतक्या हसल्या की चहा सांडला
एका कॅप्टनच्या छातीवर.

मग प्राइस आला.
हे वेल्श, बाई म्हणाल्या, तिकडच्या डोंगरातलं.
तिथं पूर्वी आडनाव नव्हतंच.
ऱ्हीसचा पोरगा तो अॅप ऱ्हीस.
अॅप म्हणजे पोरगा, मोबाइलातलं नव्हे.
पुढं कुणी कारकुनानं घाईत लिहिलं असेल,
पोरगा बापाच्या नावाला चिकटला,
अ गळाला, प राहिला. प्राइस.
मी बोटांवर मोजलं. सहाची पाच झाली.
कुणाच्या तरी घाईपायी
माझे बारा रुपये गेले, चारशे वर्षांपूर्वी.

त्याच्या शेजारी वीतभर दगड.
ग्वेन. एक वर्ष चार महिने.
म्हणजे पांढरी, शुभ्र, बाई हळू म्हणाल्या.
चार अक्षरं.
ती मी दुसऱ्या दिवशी केली, सकाळच्या उन्हात,
बारीक छिन्नीनं.

पर्किन्स दुपारी.
पीटरचं बारकं पोर. आणि पीटर म्हणजे दगड.
हात थांबला.
माझ्या आधी आईची तीन गेली.
चौथ्याला तिनं देवाचं नाव ठेवलं नाही,
धोंडी म्हणाली,
म्हणजे मरणानं वाटेतला धोंडा समजून
ओलांडून जावं.
गेलं ओलांडून. साठ वर्षं झाली.
पर्किन्सला मात्र पटकीनं नेलं, बाविसाव्या वर्षी.
तिकडचा दगड ठिसूळ असेल.

शेवटचा दगड कोपऱ्यात, घाणेरीत बुडालेला,
पावसानं पार धुतलेला.
एकच अक्षर बोटांना लागलं, पहिलं,
उभी रेघ, वर पोट. पी, बाई म्हणाल्या.
पट्टा सावरत खाली बसल्या
आणि आंधळ्यागत बोट फिरवत राहिल्या.
प्राइस असेल. पॉवेल असेल. पॅरी असेल,
ही सगळी कुणाच्या तरी पोराची.
नाहीतर हाही पर्किन्स.
म्हणजे एक तर पोरगा, मी म्हटलं,
नाहीतर दगड.
बाईंनी थर्मासचं झाकण उघडलं, परत लावलं.

ठेकेदार म्हणाला, ते सोड, कोण वाचतंय.
तरी मी केलं. सगळ्यांत खोल तेच केलं.

हिशेबाच्या दिवशी त्यानं पावती पुढं सरकवली,
पूर्ण नाव लिही म्हणाला.
धोंडिराम बापू धोत्रे.
मधला बापू, चा नाही, ची नाही,
नुसता उभा,
खाणीत माझ्या मागं उभा राहायचा तसा,
सुतकी निसटली तर मनगट धरायला.

एकूण तीनशे सत्तावीस अक्षरं.
ठेकेदारानं दोनदा मोजली, तीनशे सव्वीसच म्हणाला.
मी त्याला कोपऱ्यात घेऊन गेलो.